अकीकाच्या खलातली तांबूस पूड

मित्रांनो, आज सकाळी तुम्ही आळीपाळीने ज्यात काळा दगड घोटलात, तोच हा मी. अकीकाचा खल. माझे वय तुमच्या आजोबांएवढे असेल. दगड म्हणून मोजले तर कोट्यवधी वर्षे भरतील, पण त्या वर्षांतले मला काही आठवत नाही. खल म्हणून जगलो तेवढेच माझे आयुष्य, आणि तेवढेच मी सांगणार आहे. एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. मी दगड आहे, मला दुखत नाही. म्हणून माझ्या सांगण्यात रडणे कमी आहे. जे समोर घडले ते सांगतो.

तुमच्या शाळेमागे जसा काळा कातळ आहे, तसाच कातळ दूर गुजरातेतही आहे. तो एके काळी वितळलेला होता. थंड होताना त्याच्या पोटात पोकळ्या राहिल्या. अशाच एका पोकळीत पाणी झिरपत राहिले, थरावर थर बसत गेले आणि मी झालो. माझ्या अंगावर फिकट वलये दिसतात ना, ते हेच थर. खंबायतच्या एका कारागिराने मला पोखरले, घासले, झिलई दिली. माझ्याच तुकड्यातून बत्ता काढला. तळाशी केसाएवढी एक चीर होती. त्याने तिच्यावरून नख फिरवले, नख अडकले नाही, आणि तो म्हणाला, "चालेल."

मला विकत घेतले ते मळवलीच्या केशव वैद्यांनी. त्यांचे नवे लग्न झाले होते, आणि स्टेशनच्या पलीकडच्या घरात पुढच्या खोलीत त्यांनी दवाखाना थाटला होता. रोज सकाळी अंघोळ झाली की ते मला मांडीजवळ घेऊन बसत. कधी सुंठ, कधी शंखभस्म, कधी मोती. अकीक फार कठीण असतो. घोटताना तो झिजून औषधात उतरत नाही, म्हणून वैद्य लोक त्याला मानतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला केशव वैद्य मला दाखवत आणि म्हणत, "हा कशात मिसळत नाही, आणि याच्यात काही उरत नाही." मी ते इतक्या वेळा ऐकले की मलाही ते खरे वाटू लागले.

घोटलेल्या औषधाच्या पुड्या बांधायचे काम त्यांच्या पत्नीचे, रजनीबाईंचे. त्या माझ्या शेजारी बसून कागद दुमडत. दर गुरुवारी त्या पुड्या पिशवीत घालून वैद्य तुमच्या या आंदर मावळात यायचे. एसटी जिथे सोडेल तिथून पुढे चालत. मी मात्र घरीच असायचो. त्यांची मुलगी आसावरी माझ्यासमोरच लहानाची मोठी झाली. तिला औषधाची गोडी नव्हती. तिला दगडांची होती. नदीवरून आणलेले खडे ती माझ्यात टाकायची आणि वैद्य ओरडायचे. पुढे ती शिकायला बाहेर गेली, परत आली आणि लोणावळ्यात राहू लागली. तिथल्या डोंगरावर एक लहानशी प्रयोगशाळा आहे, तिथे ती काम करते.

दोन पावसाळ्यांपूर्वी रजनीबाई थकू लागल्या. दाराशी दोनच पायऱ्या आहेत, तिथेही त्या मध्ये थांबायच्या. चेहरा पांढुरका पडला. वैद्यांनी त्यांची नखे पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. रक्त कमी आहे, असे म्हणाले. मग रोज सकाळी माझ्यात लोहभस्म येऊ लागले. तांबड्या मातीसारखी ती पूड. त्रिफळ्याच्या काढ्यात ते ती घोटत राहत, काढा आटेपर्यंत.

आसावरी फोनवर म्हणायची, "बाबा, एकदा तपासून घ्या तिला."

"तपासायचं काय त्यात? दिसतंय ना. वाढेल रक्त."

थोडे वाढलेही. रजनीबाई गणपतीत मोदकांना बसल्या. मग पुन्हा उतरले, आणि नवरात्रात एका सकाळी त्या न्हाणीच्या दारात पडल्या. वैद्यांनी नुकतेच घोटणे संपवले होते. पुडी बांधायचीही राहिली. आसावरी गाडी घेऊन आली आणि तिने त्यांना रुग्णालयात नेले. मी तिथे नव्हतो. घरात जे बोलले गेले त्यावरून कळले ते असे: दुखणे आतड्यात होते, कर्करोग होता, आणि रक्त आतल्या आत जात होते. मार्गशीर्षात रजनीबाई गेल्या.

पाहुणे पांगले त्या संध्याकाळी पुढच्या खोलीत बाप आणि लेक दोघेच होते. आसावरी भांडत नव्हती. तिचा आवाजही चढला नव्हता.

"पावसाळाभर घरी ठेवलंत तिला," ती म्हणाली.

 त्यानंतर बाप-लेकीचे बोलणे थांबले. दवाखान्याची पाटी तशीच राहिली, दार मात्र उघडेना. मला कोणी धुतले नाही. मी कपाटाखाली सरकवला गेलो, आणि माझ्या तळाशी ती तांबूस पूड वाळून बसली.

चैत्रात आसावरी आईच्या साड्या न्यायला आली. जाताना वाकून तिने मला उचलले. "हा नेते. लागेल मला." वैद्यांनी मान हलवली. अख्ख्या उन्हाळ्यात त्यांच्यात झालेले बोलणे एवढेच.

आता ती काय काम करते ते सांगतो, म्हणजे पुढचे कळेल. सूर्याभोवती लहान-मोठे दगड फिरत असतात, त्यांना लघुग्रह म्हणतात. काही लघुग्रह पृथ्वीच्या जवळून जातात. ते कशाचे बनले आहेत हे जाणून घ्यायला हवे, कारण उद्या एखादा आपल्या रोखाने आला तर त्याला कसा वळवायचा ते त्यावर ठरेल. पण तिथे जाऊन हात लावणे क्वचितच जमते. मग दुर्बिणीतून त्याच्यावरून परतलेला उजेड पाहायचा. प्रत्येक खनिज उजेडातला आपापला वाटा गिळते, त्यावरून ते ओळखता येते. आसावरी त्या उजेडाची, म्हणजे कोणता रंग किती परतला याची, रेघ काढते आणि आकाशातून पडलेल्या दगडांच्या, म्हणजे अशनींच्या, रेघेशी ताडून पाहते. दोन रेघा जुळल्या तर हा तुकडा त्या लघुग्रहासारख्याच खडकाचा, असे म्हणता येते.

अडचण अशी की वर ना पाऊस ना वारा, तरीही दगड जुना होतो. सूर्याकडून कण येऊन आदळत राहतात, धुळीचे बारीक कण बंदुकीच्या गोळीहून जोरात लागतात. लाखो वर्षांत त्याची वरची कातडी काळवंडते, तांबूस होते. आत वेगळा, बाहेर वेगळा. म्हणून आसावरी अशनीची पूड करते, तिच्यावर लेझरचे झटके देते आणि ती किती काळवंडते, किती तांबूस होते ते पाहते. लाखो वर्षांचे काम ती तासाभरात करून घेते.

प्रयोगशाळेतला खल पडून फुटला होता आणि नवा यायचा होता, म्हणून मी तिथे गेलो. एरवी आसावरी फार काटेकोर. नवे भांडे आले की त्यात आधी शुभ्र वाळू घोटायची, मग सौम्य आम्लाने धुवायचे, हा तिचाच नियम. त्या दिवशी तिने मला साबणाने धुतले, पुसले आणि टेबलावर ठेवले. ती त्या दिवसांत सगळेच असे करत होती. डबा उघडायची, निम्मा खायची, झाकण लावायची. कोणी हसले की हसायची. तिच्या हातात बत्ता फिरत असे, तो सारख्या गतीने फिरत असे, आणि तिचे डोळे भिंतीवर असत. मी दगड आहे, पण त्या दिवसांत आम्हा दोघांत मला फारसा फरक वाटत नव्हता.

मग एक अशनी आला. बोराएवढा तुकडा, एका संग्रहालयाकडून फार मिनतवारीने मिळालेला. निम्मा घोटायचा, निम्मा जपून ठेवायचा, असे ठरले होते. तिने निम्मा माझ्यात घोटला. तिच्यासोबत काम करणाऱ्या अनुष्काने पूड यंत्राखाली ठेवली. लेझर अजून लावायचा होता, नुसती सुरुवातीची नोंद घ्यायची होती. पडद्यावर रेघ उमटली आणि अनुष्का उभीच राहिली.

"मॅडम, ही बघा! तो मागच्या वर्षी जवळून गेलेला लघुग्रह, त्याच्या रेघेवर बसतेय. लेझर न लावताच!"

सगळे गोळा झाले. कोणीतरी पेढे आणायच्या गोष्टी करू लागले. आसावरी पडद्याजवळ गेली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"हा खळगा कसला?" तिने एका जागी बोट ठेवले. रेघ तिथे किंचित खाली वाकली होती.

"तेवढं चालतं, मॅडम."

"नाही. हा गंज आहे. हा तांबूसपणा वर आकाशातला नाही, इथला आहे."

अनुष्काचा चेहरा उतरला. तिला कळले होते. अशनी जमिनीवर पडला की आपल्या हवेने त्याला गंज चढतो. हा गंज जर दगडातच मुरला असेल, तर जपून ठेवलेला निम्मा तुकडाही कामाचा नव्हता. संग्रहालय दुसरा देणार नव्हते. सारे काम तिथेच संपले असते.

मग आसावरीने मला उचलून दिव्याखाली धरले. भिंगातून माझ्या तळाची चीर पाहिली. ती चीर तांबडी होती.

"खलात आधी काय होतं, मॅडम?" अनुष्काने विचारले.

"विचारावं लागेल," आसावरी म्हणाली. तिने फोन हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. शेवटी मला पिशवीत घालून ती गाडीत बसली.

मळवलीला वैद्य पुढच्या खोलीत बसले होते. कपाटांच्या काचा धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. आसावरीने मला टेबलावर ठेवले.

"बाबा, यात शेवटचं काय घोटलं होतंत?"

वैद्यांनी माझ्याकडे पाहिले. "लोहभस्म."

"नक्की? त्यानंतर काहीच नाही?"

"त्यानंतर मी खल हातात घेतला नाही. दर वेळी मीठ घोटून धुवायचो. त्या दिवशी धुतला नाही." मग ते म्हणाले, "पुडी द्यायची राहिली तिला."

 आसावरीला हवे होते ते उत्तर मिळाले होते. लोहभस्म म्हणजे एक प्रकारे लोखंडाचा गंजच; तो माझ्या चिरेतला होता, अशनीतला नव्हता. उरलेला तुकडा चांगला होता. माणसाला आनंद व्हावा अशी ती गोष्ट होती. ती खुर्चीवर बसून राहिली.

"तुझं काही बिघडलं का माझ्यामुळे?"

"नाही. धुवायचं काम माझं होतं."

वैद्यांनी चहा केला. साखर जास्त पडली होती, दोघांनीही तो तसाच प्यायला. मग त्यांनी विचारले की तिकडे वर दगडाला नेमके होते तरी काय. आसावरीने सांगितले. इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारले होते.

"म्हणजे तुम्ही दुरून कातडीचा रंग बघता आणि आत काय असेल ते सांगता," वैद्य म्हणाले.

"हो."

"आमचंही तेच." त्यांनी कप खाली ठेवला. "चुकतं कधीकधी."

आसावरी कपाच्या तळाकडे पाहत राहिली. उत्तर देईल असे मला वाटले होते. तिने दिले नाही. ती मला घेऊन निघाली, आणि वैद्य दारापर्यंत आले, एवढेच.

नवा खल आल्यावर उरलेला तुकडा त्यात घोटला गेला. पूड राखाडी निघाली. लेझर दिल्यावर ती काळवंडली, थोडी तांबूस झाली, पण त्या लघुग्रहाच्या रेघेशी जुळली नाही. तो तुकडा त्या लघुग्रहासारखा नव्हता. आसावरीने तसेच लिहून पाठवले. पेढे आले नाहीत. दोन दिवसांनी अनुष्का म्हणाली, "निदान खोटं तरी छापलं गेलं नाही."

त्यानंतर माझा उपयोग संपला. चीर पडलेला खल प्रयोगशाळेला नको. दगडांची पूड लागलेला खल औषधालाही नको. लोणावळ्यात आसावरीच्या खिडकीत मी पडून राहिलो. धुक्याच्या दिवसांत माझ्या अंगावर पाणी जमायचे आणि सुकून जायचे. कोणी माझ्यात किल्ल्या टाकल्या, कोणी सेफ्टी पिना. माझी तक्रार नाही. खिडकीत पडून राहणेही एक काम असते, असे मी धरून चाललो होतो.

मग तुमच्या कैलास सरांनी आसावरीला बोलावले, मुलांना लघुग्रहांविषयी सांगा म्हणून. नुसते सांगून मुले कंटाळतील, त्यांच्या हाताला काही काम हवे, असे तिला वाटले. तिने माझ्यातल्या किल्ल्या काढल्या. आणि फोन केला.

"बाबा, गुरुवारी आंदर मावळात जायचंय. येता का? रस्ता तुम्हाला माहीत आहे."

पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. पण आज सकाळी मळवलीला गाडी थांबली तेव्हा ते इस्त्रीचा सदरा घालून रस्त्यावर उभे होते.

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या बांधावरचा काळा दगड तुम्ही फोडून आणलात, माझ्यात घोटलात, आणि पूड फिकट निघाली तेव्हा किती ओरडलात! आसावरीने सांगितले की बारीक झाला की काळा दगडही उजळ दिसतो, आणि तुमच्या या कातळासारखेच काही लघुग्रह वर फिरत आहेत. सारिकाने विचारले, "मग ते पण आपल्या मावळचेच का?" आसावरी हसली. ते हसणे मी बऱ्याच महिन्यांनी पाहिले. तुम्ही ते पाहिले नसेल, तुम्ही बत्त्यासाठी भांडत होतात.

पण दुपारी तुम्ही खिचडी खायला बसलात तेव्हा जे झाले ते तुमच्या ध्यानात आले नाही. म्हणून सांगतो.

तुमची खिचडी करणाऱ्या रतनबाई पातेले उतरवून पदराला हात पुसत व्हरांड्यात आल्या. वैद्यांना पाहून जागच्या जागी थांबल्या.

"आगं बया! आबा, तुमी? कुटं व्हता वं? लय दिस झालं, फिरकला न्हाई हिकडं."

"जमलं नाही, रतनबाई."

"आन् वयनी कशा हायेत? मला वाचता येत न्हाई म्हून माज्या पुडीवर चित्र काढायच्या त्या. सकाळच्या पुडीवर सूर्व्या, रातच्या पुडीवर चांद. कागूद टाकवत न्हाई, पेटीत ठिवल्यात म्या."

वैद्यांनी आसावरीकडे पाहिले.   आसावरी मला फडक्याने पुसत होती. तिचा हात थांबला.

"आई गेली, मावशी," ती म्हणाली. "वर्ष होऊन गेलं."

रतनबाई पायरीवर बसल्या.  मग वैद्यांकडे पाहून, अगदी सरळपणे, त्यांनी विचारले, "तुमी व्हता की घरात, आबा. तुमी आसताना कशा गेल्या?"

रतनबाईंच्या मनात काही नव्हते. त्यांना खरोखरच कळत नव्हते. वैद्य जमिनीकडे पाहत उभे होते, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे.

"दुखणं आतड्यात होतं, मावशी," आसावरी म्हणाली. "वरून दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पावसाळ्याच्या आधी आणलं असतंत तरी उशीरच झाला असता. बाबांनी रोज औषध घोटलं तिच्यासाठी. एक दिवस चुकवला नाही."

वैद्यांनी मान वर केली.

"डॉक्टर असं म्हणाले?"

"हो."

"कधी?"

"तेव्हाच. पहिल्या दिवशी." आसावरीने मला खाली ठेवले. तिची बोटे माझ्या काठावरच राहिली. "तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

 वैद्य हळूच वाकले, पायरीला हात लावून रतनबाईंच्या शेजारी बसले, आणि उन्हात डोंगराकडे पाहत राहिले. रतनबाई उठल्या. तीन ताटल्यांत खिचडी घेऊन आल्या. "खावा आदी," त्या म्हणाल्या. आसावरी बापाच्या दुसऱ्या बाजूला बसली. तिघेही जेवले. आसावरीने ताटली पुसून खाल्ली.

मित्रांनो, जाताना आसावरीने मला तुमच्या कपाटात ठेवले आहे. आता मी तुमचा. माझ्यात खाण्याची वस्तू घालू नका, दगड हवे तेवढे घाला. घोटून झाले की मला धुऊन ठेवा, आणि चीर विसरू नका. दगडाला जपायचे ते एवढेच. पण तुमच्या घरात एखादे माणूस गप्प झाले असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला विचारा. उत्तर आले नाही तर उद्या पुन्हा विचारा. आणि त्याला हलके वाटेल असे काही तुम्हाला ठाऊक असेल, तर ते आज संध्याकाळी घरी गेल्या गेल्या सांगा.